पहिली वर्दी

शुक्रवार, २४ जानेवारी २०२५. सकाळचे साडेदहा वाजत आले होते. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि एलटीपीई विभागाच्या इमारतीचं छत खाली बसलं. आत तेरा कामगार होते. आवाज पाच किलोमीटरवरच्या गावांपर्यंत गेला. बंब आले, रुग्णवाहिका आल्या, ढिगारा उपसायला जेसीबी आले, नागपूरहून राज्य आपत्ती प्रतिसाद दल निघालं. शेवटी हिशेब लागला तेव्हा आठ कामगार गेले होते आणि पाच जखमी होते.

प्रजासत्ताक दिन दोन दिवसांवर होता. लष्करासाठी स्फोटकं बनवणारा कारखाना, आणि तिथे स्फोट. असं काही घडलं की कारण कळायच्या आधी एक प्रश्न गावोगाव फिरतो, टीव्हीच्या पट्टीवर येतो, फोनवर विचारला जातो : अपघात की घातपात?

या अंकासाठी संपादकांनी ‘संशय’ हा विषय दिला तेव्हा मला हाच प्रश्न आठवला. पोलिसांना, तपास यंत्रणांना, न्यायालयांना त्याचं उत्तर शोधायला महिने लागतात, वर्षं लागतात. बंबावरून उतरणाऱ्या माणसाच्या हातात मात्र दहा-पंधरा मिनिटं असतात. समोर धूर, किंकाळ्या, गर्दी. तेवढ्या वेळात त्याने काय ओळखायचं, कशावरून ओळखायचं आणि ओळखलं तर काय करायचं? हे समजून घ्यायला दिल्ली-मुंबईला जायची गरज नव्हती. भंडारा पुरे होता.

स्फोटकांच्या शेजारचं रोजचं जगणं

महामार्ग क्रमांक ५३ ने नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की वैनगंगेच्या आधी ठाणा लागतं. सगळे त्याला ठाणा पेट्रोलपंप म्हणतात. तिथून जवाहरनगर जवळच. निर्माणीची वसाहत, शाळा, बाजार, सायकलवरून पाळीला जाणारे कामगार. बाहेरच्याला इथे वेगळं काही जाणवत नाही. पण आतल्या जगाचे नियम निराळे असतात. स्फोटकं हाताळणाऱ्या कारखान्यात इमारती मुद्दाम एकमेकींपासून लांब बांधतात, मधे मातीचे उंच बांध घालतात. एका इमारतीत एका वेळी किती माणसं असावीत आणि किती किलो माल असावा, याची मर्यादा दारावर लिहिलेली असते. एक इमारत गेली तरी शेजारची वाचावी, एवढाच त्यामागचा हिशेब. जानेवारीत जे घडलं ते एका इमारतीपुरतं राहिलं, त्यामागे ही जुनी शिस्तही आहे.

पण या जिल्ह्यात स्फोटकं फक्त निर्माणीत नाहीत. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉईलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. तिथे सुरुंग लागतात. विहिरी खोदताना खडक लागला की शेतकरी सुरुंगवाल्याला बोलावतो, आणि त्याच्या पिशवीत जिलेटिनच्या कांड्या व डिटोनेटर असतात. तळ्यात मासे मारायला कुणी चोरून बार उडवतो. रानडुकरांसाठी गावठी बॉम्ब पेरण्याचे प्रकार ग्रामीण महाराष्ट्रात अधूनमधून उघडकीला येतात, आणि ते चावून गाय दगावल्याचंही आपण वाचतो.

मुंबईत २५ फेब्रुवारी २०२१ ला एका उद्योगपतीच्या घराजवळ उभ्या मोटारीत जिलेटिनच्या वीस कांड्या सापडल्या तेव्हा देश हादरला. त्याच कांड्या तुमसरकडच्या खाणपट्ट्यात एखाद्या परवानाधारकाच्या जीपमध्ये दिसल्या तर त्याचं कुणाला काही वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही. म्हणजे वस्तू तीच, अर्थ वेगळा. तो अर्थ जागेवरून, वेळेवरून आणि माणसावरून ठरतो. खाणीपासून कोसभर दूर, लग्नाच्या मंडपामागे किंवा बसस्थानकाच्या बाकाखाली तीच कांडी असेल तर ती तिथे का आहे, हे विचारावंच लागतं.

परकं काय ते ओळखायला नेहमीचं काय ते अंगवळणी पडलेलं असावं लागतं. म्हणून माझ्या मते या कामात गावातला पोलीस पाटील, कोतवाल, नगरपालिकेच्या बंबावरचा फायरमन आणि १०८ च्या रुग्णवाहिकेचा चालक ही माणसं कुठल्याही यंत्रापेक्षा महत्त्वाची आहेत. कुठल्या गोदामात काय असतं, कुठल्या राइस मिलच्या आवारात किती सिलिंडर ठेवलेले असतात, कुठलं दार कायम उघडं असतं, हे त्यांना ठाऊक असतं.

पुंजण्याची आग

अग्निशमन दलात आगीची खबर आली की ‘वर्दी’ आली म्हणतात. वर्दीच्या नोंदवहीत वेळ, ठिकाण, कळवणाऱ्याचं नाव, काय पेटलं, हे लिहिलं जातं. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात दिवाळीनंतरच्या वर्द्या बऱ्याचदा पुंजण्यांच्या असतात. धान कापून, भारे बांधून शेतात रचून ठेवलेलं पुंजणं म्हणजे एका घराची वर्षाची कमाई. ते रात्रीतून पेटतं आणि सकाळी पेपरात येतं : अज्ञात इसमाने पुंजणे जाळले.

ही आग विझवायला गेलेला अनुभवी माणूस विझवता विझवता बरंच काही बघतो. विडीच्या थोटकाने किंवा ठिणगीने लागलेली आग एका जागी सुरू होते आणि वाऱ्याच्या दिशेने सरकते. पुंजणं दोन-तीन बाजूंनी एकदम पेटलेलं असेल, किंवा एकमेकांना न चिकटलेली दोन पुंजणी एकाच वेळी जळत असतील, तर त्याच्या मनात पाल चुकचुकते. मातीला रॉकेलचा वास येतो का, ज्वाळांनी नेहमीपेक्षा जास्त जोर धरला का, पाणी मारल्यावर आग दबण्याऐवजी पसरते का. बांधावर कोण उभं आहे आणि कोण दिसल्यावर निघून गेलं, हेही त्याच्या लक्षात राहतं. आग लावणारा दहशतवादी नसतो, भाऊबंद असतो. पण नजर तीच लागते.

आता पुंजण्याच्या जागी एखादं हॉटेल ठेवा. १३ फेब्रुवारी २०१०, शनिवारची संध्याकाळ, पुण्यातलं कोरेगाव पार्क. जर्मन बेकरीत स्फोट झाला तेव्हा सुरुवातीला अनेकांचा समज सिलिंडर फुटल्याचा झाला. खानावळीत स्फोट म्हटला की आपल्याकडे आधी गॅसच आठवतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. त्या संध्याकाळी ते बरोबर नव्हतं. तिथे ठेवलेल्या पिशवीत बॉम्ब होता. सतरा माणसं गेली.

गॅस आणि बॉम्ब यांच्यातला फरक जागेवर दिसतो, पाहायची सवय हवी. गळलेला गॅस खोलीभर पसरतो आणि मग पेटतो. त्यामुळे दाब सगळीकडे साधारण सारखा येतो : भिंती बाहेर ढकलल्या जातात, पत्रे उचलले जातात, खिडक्या-दारं चौकटीसकट बाहेर पडतात, माणसांच्या उघड्या अंगावर भाजल्याच्या खुणा असतात. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे तो आधी खालच्या बाजूला साचतो. सिलिंडर स्वतः फुटला असेल तर त्याचा पत्रा सापडतोच, आणि तो फाटून उलगडलेला असतो. तीव्र स्फोटकाचं तसं नसतं. त्याला एक केंद्र असतं. तिथे फरशीला किंवा जमिनीला खड्डा पडतो, जवळच्या वस्तूंचा चुरा होतो, आणि दूर जावं तसं नुकसान झपाट्याने कमी होतं. लोखंडी खांबावर बारीक खळगे पडतात. भिंतीत, फर्निचरमध्ये, जखमींच्या अंगात खिळे किंवा छर्रे निघाले तर मग शंकेला जागा उरत नाही, कारण ते सिलिंडरमध्ये नसतात.

आत शिरतानाच हा सगळा अभ्यास करायचा, असं कुणी म्हणत नाही. सिलिंडर शाबूत आहेत आणि तरी फरशीला खड्डा आहे, एवढं जरी पहिल्या फायरमनने पाहिलं आणि वायरलेसवर सांगितलं, तरी पुढच्या प्रत्येकाचं वागणं बदलतं.

ज्यांना कुणी सांगितलं नाही

१४ एप्रिल हा दिवस देशभरातली अग्निशमन दलं का पाळतात, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. असा माल असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचं असतं. ते लावलेलं नव्हतं. बंबवाले शेवटपर्यंत आग विझवत राहिले आणि दुपारी चारनंतर जहाज उडालं. दलाचे ६६ जवान गेले. युद्धाचे दिवस होते. जपान्यांनी हल्ला केला, अशी अफवा शहरभर झाली. खरं कारण निष्काळजीपणात होतं.

शहात्तर वर्षांनी, ४ ऑगस्ट २०२० ला, बैरूतच्या बंदरात एका गोदामाला आग लागल्याची वर्दी गेली. दहा जणांचं पथक निघालं. त्या गोदामात २७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं पडून आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दहाही जण गेले. तिथेही पहिल्या तासात लोकांच्या तोंडी हल्ल्याचीच भाषा होती. स्फोटाआधी त्या धुराचा तांबूस-तपकिरी रंग जगाने नंतर चित्रफितींत पाहिला. नायट्रोजनच्या ऑक्साइडचा तो रंग. रंग ओळखून मागे फिरायला हवं होतं, असं आज म्हणणं सोपं आहे. आत काय आहे हे त्यांना निघायच्या आधी कळायला हवं होतं.

आणि आपल्या शेजारचं पुलगाव. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. ती विझवायला धावलेल्यांतच सर्वाधिक बळी गेले. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते आणि भांडाराच्या अग्निशमन दलाचे जवान होते. त्यांना आत काय आहे ते माहीत होतं. तरी ते गेले, कारण आग शेजारच्या शेडमध्ये पोचली असती तर गावंच्या गावं उठली असती.

या तिन्ही ठिकाणी घातपात नव्हता. तरी ही उदाहरणं मी मुद्दाम घेतली. स्फोटकांपर्यंत आग पोचली असेल तर ती विझवायला जायचं नसतं, माणसं काढून लांब व्हायचं असतं. हा नियम कारण कुठलंही असो, सारखाच लागू होतो. त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे तिथे काय आहे हे कळलं पाहिजे.

महामार्गावर ते कळायची सोय आहे. ढाब्यासमोर टँकर उभे असतात, त्यांच्या बाजूला आणि मागे एक फलक रंगवलेला असतो. त्यावर चार आकडे. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. शेजारी चौकोन कोनावर उभा करून काढलेलं धोक्याचं चिन्ह. स्फोटकं असतील तर ते नारिंगी. खाली तज्ज्ञांचा फोन नंबर. चालकाजवळ ट्रेम कार्ड असलं पाहिजे, त्यात गळती झाली तर काय करायचं ते लिहिलेलं असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी हे बंधनकारक केलंय. मी पाहिलेल्या एका टँकरवरचा फलक मात्र चिखलाने असा माखला होता की चारांतला एकच आकडा वाचता येत होता, आणि तोही शेवटचा. वैनगंगेच्या पुलावर तो टँकर उलटला असता तर पहिल्या बंबाला तो एकच आकडा मिळाला असता.

फलक आणि आतला माल जुळतो का, हा पुढचा प्रश्न. कागद एक सांगतो आणि वास दुसरं सांगतो, चालक पळून गेलाय, गाडी जिथे उभी राहण्याचं काही कारण नाही अशा जागी उभी आहे, या गोष्टी एकत्र आल्या की साध्या अपघाताची वर्दी साधी राहत नाही. तेव्हा दुर्बिणीने पाहायचं, वारा पाठीशी घेऊन उंचावर थांबायचं आणि माणसं दोन्ही बाजूंनी रोखायची.

बुबुळं

रासायनिक हल्ला हा शब्द भंडाऱ्यात फार दूरचा वाटतो. पण त्याची लक्षणं इथल्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना, परिचारिकांना तोंडपाठ आहेत, हे माझ्यासाठी या शोधातलं सगळ्यात मोलाचं होतं.

फवारणी करून आलेला माणूस घामाने थबथबलेला असतो. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, छातीत घरघर. डोळ्यांवर बॅटरी धरली की बुबुळामधली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली दिसते. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची ही विषबाधा. उपचार अॅट्रोपिन आणि पॅम. विदर्भाने हे फार जवळून भोगलंय. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले.

सरीन नावाचा जो वायू युद्धासाठी बनवला गेला तो याच कुळातला. २० मार्च १९९५ च्या सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाच्या लोकांनी तो सोडला. अखेरीस चौदा बळी गेले, हजारोंना बाधा झाली. पहिली वर्दी स्फोटाची होती. त्यामुळे जवळचं सेंट ल्यूक्स रुग्णालय भाजलेल्या रुग्णांसाठी तयार झालं. आलेल्या रुग्णांच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. त्यांना अंधुक दिसत होतं आणि बाहुल्या आक्रसलेल्या होत्या. मदतीला गेलेल्या अग्निशमन व रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांपैकी १३५ जणांना, म्हणजे सुमारे दहातल्या एकाला, रुग्णांच्या कपड्यांतल्या वाफेने बाधा झाली. आधीच्या वर्षी मात्सुमोतो शहरातल्या अशाच रुग्णांवर उपचार केलेल्या शिन्शू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी टीव्हीवर दृश्यं पाहिली, लक्षणं ओळखली आणि टोकियोतल्या रुग्णालयांना कळवलं. नाव प्रयोगशाळेने सांगायच्या आधी औषध कुठलं द्यायचं ते कळलं होतं.

आपल्या डॉक्टरांना पाहून लगेच कळेल ते हे : एका शेतातून एक रुग्ण आला तर फवारणी, एका लग्नातून, एका रेल्वेच्या डब्यातून, एका शाळेतून एकाच तासात दहा रुग्ण आले आणि कुणाच्याही हातात पंप नव्हता, तर काहीतरी भलतंच आहे. विष जेवणातलं असेल, पाणीपुरवठा केंद्रातल्या क्लोरीनच्या टाकीची गळती असेल, बर्फ कारखान्यातला अमोनिया असेल. कारण काहीही असो, रुग्णाला वॉर्डात घेण्याआधी बाहेर मोकळ्यावर कपडे उतरवून पाण्याने धुवायचं. एवढ्याने बरंचसं विष बाहेरच राहतं. आणि जखम नसताना एकापेक्षा जास्त माणसं कोसळलेली दिसली, आसपास पाखरं-कुत्री पडलेली दिसली, तर मदतीला धावत आत जायचं नाही. मनाविरुद्ध आहे हे. विहिरीत विषारी वायूने गुदमरलेल्याला काढायला उतरलेला भाऊ, मग त्याचा भाऊ, अशी एकाच घरातली माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. ज्याने त्या वाचल्या आहेत त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्यांदा

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत तासाभरात वीसएक स्फोट झाले. बाजारांत, बसवर, सायकलींवर ठेवलेले बॉम्ब. जखमींना सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागात आणलं जात होतं, नातेवाईक, कार्यकर्ते, डॉक्टर दारात गोळा झाले होते, तेव्हा तिथे स्फोट झाला. ज्यांनी तो बॉम्ब ठेवला त्यांना मदतीला येणारेच मारायचे होते. एकूण छप्पन्न माणसं गेली.

भंडाऱ्याने हे आणखी जवळून पाहिलंय. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोली जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातल्या दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं रात्रीतून जाळली. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती पथकाची गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेले. शहिदांत भंडारा जिल्ह्यातलेही जवान होते. लाखांदूर तालुका ओलांडला की गडचिरोली जिल्हा सुरू होतो. तिथे जाळपोळ हे आमिष होतं आणि वाट हा सापळा.

म्हणून घातपाताची शंका आली की दलातले लोक शिकलेलं बरंच उलटं करतात. एरवी बंब आगीला जितका जवळ नेता येईल तितका नेतात. अशा वेळी तो लांब, काचांपासून दूर, बाहेर निघायच्या दिशेने तोंड करून लावायचा. सगळ्या गाड्या एका जागी थांबवायच्या नाहीत. बेवारस पडलेली पिशवी, डबा, सायकल हलवायची नाही, त्याच्याजवळ मोबाइल किंवा वायरलेस वापरायचा नाही. बॉम्बशोधक व नाशक पथक येईपर्यंत त्या भागात फक्त जिवंत माणसं बाहेर काढण्यापुरतंच जायचं. मृतदेह थांबू शकतात. नातेवाइकांना हे समजावणं सगळ्यात अवघड, कारण त्यांच्या लेखी तो अजून मृतदेह नसतो.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर आठवडाभराने मुंबईच्या सीएसटी स्थानकावर बेवारस सामानाच्या ढिगात स्फोटकांची पिशवी निघाली. हल्ल्याच्या रात्री प्रवाशांनी टाकून पळालेल्या बॅगांबरोबर तीही उचलून ठेवली गेली होती. इतके दिवस ती तिथेच होती आणि लाखो लोक शेजारून जात होते. घाईत आवरून ठेवलेलं सामान म्हणजे तपासलेलं सामान नव्हे, हे त्यावरून पोलिसांना कळलं. ते प्रत्येक बसस्थानकाच्या आगारप्रमुखाला, प्रत्येक यात्रेच्या समितीलाही कळायला हवं.

पाण्याचा मारा

अग्निशमन दल आणि तपास यांच्यात एक जुना ताण आहे. आग विझवायची तर पाणी मारावं लागतं, ढिगारा उपसावा लागतो. त्याच पाण्याबरोबर स्फोटकाचे कण नालीत जातात, जेसीबीच्या दातांत वायरचा तुकडा चिरडतो. जीव वाचवणं पहिलं, यात वाद नाही. पण जीव वाचवून झाल्यावर, आग थंड झाल्यावर, उगाच धुवायचं नसतं, झाडायचं नसतं. पंचनामा होईपर्यंत आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेची माणसं येईपर्यंत जागा जशी आहे तशी ठेवायची.

त्याहून महत्त्वाचं ते पहिल्या माणसाच्या डोक्यात असतं. आत जाताना दार उघडं होतं की कडी होती? काचा आत पडल्या होत्या की बाहेर? ज्वाळा कुठल्या रंगाच्या, धूर कुठून, वास कसला? कोणी काही हलवलं का? हे संध्याकाळपर्यंत विसरलं जातं. चांगला लीडिंग फायरमन परत आल्यावर आंघोळीच्या आधी हे लिहून काढतो. रुग्णालयातही तेच. जखमीच्या अंगातून काढलेला छर्रा, कापून काढलेले कपडे एमएलसीच्या (वैद्यकीय-कायदेशीर नोंदीच्या) कागदासोबत नीट बांधून पोलिसांकडे द्यायचे असतात. घाईत ते कचऱ्यात गेले तर पुढे न्यायालयात दहा वर्षांनी कुणीतरी तेच मागतं.

संशयाचा दुसरा बळी

मात्सुमोतोचा उल्लेख वर केला. २७ जून १९९४ च्या रात्री तिथे सरीन सोडलं गेलं तेव्हा ज्या रहिवाशाने पहिली खबर दिली, ज्याची बायको त्याच वायूने कायमची बेशुद्धीत गेली, त्याच्यावरच संशय आला. त्याच्या घरी काही रसायनं होती. वर्तमानपत्रांनी त्याला जवळजवळ आरोपी ठरवलं. नऊ महिन्यांनी टोकियोत तोच वायू सोडला गेला तेव्हा कुठे तो संशयातून सुटला. संशय चुकीच्या घरात अडकला तेवढा वेळ खऱ्या माणसांना मिळाला.

आपल्याकडे ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या मुस्लीम तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केलं. त्यांची कितीतरी वर्षं तुरुंगात गेली होती.

मी हे इथे आणतो ते एवढ्यासाठी की पहिल्या दहा मिनिटांत लक्षणं ओळखायची असतात, माणूस नाही. खड्डा, छर्रे, वास, बाहुल्या, दुसरी पिशवी, ही लक्षणं. दाढी, आडनाव, कुठल्या मोहल्ल्यातला, ही लक्षणं नव्हेत. बंबावरच्या माणसाने जागेवर मोबाइल धरलेल्या वार्ताहराला ‘घातपात दिसतो’ असं एक वाक्य बोललं की ते संध्याकाळपर्यंत गावात कुणाच्या तरी दारावर जाऊन आदळतं. त्याने ते वाक्य फक्त वायरलेसवर आणि ठाणेदाराला सांगायचं असतं.

साठ किलोमीटर

देशातलं अग्निशमनाचं मोठं शिक्षण नागपुरात मिळतं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय तिथे आहे, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी तिथे आहे, स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालयही तिथेच. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. इतक्या जवळ इतकं ज्ञान असलेला दुसरा ग्रामीण जिल्हा देशात क्वचितच असेल.

तरी जवाहरनगरला काय किंवा पवनी-लाखांदूरला काय, पहिला तास स्थानिकांनाच काढावा लागतो. नगरपालिकेच्या दलातली माणसं पुंजणी विझवतात, गणपतीच्या विसर्जनाला वैनगंगेच्या घाटावर उभी राहतात, पुरात डोंगे घेऊन फिरतात, उन्हाळ्यात टँकरने पाणी पोचवतात. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली तेव्हा सात बाळं वाचली आणि दहा गेली. त्या रात्रीनंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची राज्यभर तपासणी झाली. स्फोटाच्या, वायूच्या, संशयित वस्तूच्या वर्दीची तयारी अशीच एखाद्या रात्रीनंतर व्हावी, हे मला मान्य नाही.

करायचं ते फार खर्चाचंही नाही. निर्माणी, खाणी, राइस मिल, पाणीपुरवठा केंद्रं यांच्याकडे काय साठा आहे आणि कुठल्या दाराने आत जायचं, याची यादी प्रत्येक नगरपालिकेच्या केंद्रात भिंतीवर हवी आणि दर वर्षी नवी हवी. ११२, १०१ आणि १०८ वर फोन घेणाऱ्याने ‘आवाज झाला का, वास येतोय का, माणसं कशाने पडली आहेत’ हे तीन प्रश्न विचारावेत, कारण बंब निघण्याआधी एवढं कळलं तर तो कुठल्या बाजूने जायचं ते ठरवू शकतो. महामार्ग पोलिसांनी टँकरच्या फलकावरचा चिखल पुसायला लावावा. नागपुरातल्या महाविद्यालयाने दर वर्षी एक तुकडी तुमसर, साकोली, पवनीच्या फायरमनसाठी राखून ठेवावी. त्यातले बरेच कंत्राटी आहेत म्हणून त्यांना वगळू नये, कारण स्फोटाच्या ठिकाणी पोचणाऱ्यांत कायम कोण आणि कंत्राटी कोण, हे कुणी विचारत नाही. आणि रंगीत तालीम होईल तेव्हा ती कलेक्टर कचेरीच्या आवारात सकाळी अकरा वाजता, सगळ्यांना आधी सांगून होऊ नये. ती जवाहरनगरच्या बाजाराच्या दिवशी व्हावी, गर्दी असताना, निर्माणीचं दल आणि नगरपालिकेचं दल एकत्र घेऊन.